अणूंच्या यादीतून रेणू : बंध ओळखणारा प्रोग्राम लिहिताना

एक्सवायझेड फाइल उघडून पाहा. पहिल्या ओळीत अणूंची संख्या, दुसऱ्या ओळीत काहीतरी शेरा, आणि तिथून पुढे प्रत्येक ओळीवर मूलद्रव्याचं चिन्ह आणि तीन आकडे. एवढंच. कोणता अणू कोणाला जोडलाय, बंध एकेरी की दुहेरी, रेणूवर भार किती, यातलं काहीच तिथे नसतं. तरीही हीच फाइल ॲव्होगॅड्रो किंवा जेमॉलमध्ये टाकली की पडद्यावर काड्या-गोळ्यांचा व्यवस्थित रेणू दिसतो. त्यातली प्रत्येक काडी प्रोग्रामने अंदाजाने काढलेली असते. अंदाज कसा बांधला जातो हे ठाऊक नसलेला विद्यार्थी ती काडी निसर्गाने काढली असं धरून चालतो, आणि पुढचं सगळं गणित तिच्यावर रचतो.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना थोडं रसायनशास्त्र आणि थोडं पायथन किंवा सी++ येतं, आणि ज्यांना ओपन बाबेल, आरडीकिट, सीडीके यांसारखी मुक्तस्रोत साधनं नुसती वापरायची नाहीत, तर आतून समजून घ्यायची आहेत. जमलं तर त्यांत भरही घालायची आहे.

आधी हे पाहा : अंदाजाची गरज आहे का?

सर्वांत वेगवान अल्गोरिदम म्हणजे जो चालवावाच लागत नाही. तुमच्याकडे मॉल किंवा एसडीएफ फाइल असेल तर बंध त्यात लिहिलेलेच असतात. ते पुसून अंतरावरून नव्याने काढू नका. प्रथिनांच्या पीडीबी फाइलमध्ये नेहमीच्या अमिनो आम्लांचे बंध लिहिलेले नसतात, पण ते शोधायचीही गरज नाही. ॲलॅनिनमध्ये कोण कोणाला जोडलंय हे जगभर सारखंच आहे. जागतिक प्रथिन संग्रहाकडे अशा घटकांचा संपूर्ण कोश आहे आणि तो मोफत मिळतो. घटकाचं तीन अक्षरी नाव पाहायचं, कोशातून बंध उचलायचे, लगतच्या अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध आणि गंधकाचे पूल तेवढे अंतरावरून तपासायचे. अंदाज राखून ठेवायचा तो कोशात नसलेल्या रेणूंसाठी.

पीडीबी वाचताना आणखी एक गोष्ट विसरू नका. कधीकधी एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा दिलेल्या असतात, ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुणांनी वेगळ्या केलेल्या. स्फटिकात काही रेणू एका ठेवणीत, काही दुसऱ्या ठेवणीत असतात म्हणून. या दोन ठेवणींमधले अणू एकमेकांपासून अर्ध्या-एक अँगस्ट्रॉमवर येतात, आणि अंतर मोजणारा प्रोग्राम त्यांच्यात आनंदाने बंध काढतो. दोन्ही अणूंना पर्यायखूण असेल आणि ती वेगळी असेल तर ती जोडी अंतर मोजण्याआधीच बाद करा.

अंतराची कसोटी

मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येक मूलद्रव्याची सहसंयुज त्रिज्या घ्यायची, दोघांची बेरीज करायची, वर थोडी सूट द्यायची. अंतर त्यापेक्षा कमी भरलं तर बंध. त्रिज्यांसाठी आज बहुतेक जण बीट्रिझ कॉर्डेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला तक्ता वापरतात. त्यात हायड्रोजन ०.३१ अँगस्ट्रॉम, एकेरी बंधातला कार्बन ०.७६, नायट्रोजन ०.७१, ऑक्सिजन ०.६६ आणि गंधक १.०५ आहे. ओपन बाबेल आणि जेमॉल दोन्ही वर ०.४५ अँगस्ट्रॉमची सूट देतात, आणि ०.४ पेक्षा कमी अंतर आलं तर तो बंध न मानता फाइलमधली गफलत मानतात.

हे आकडे तपासून पाहिले की त्यामागची हुशारी कळते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.९६ असतं आणि मर्यादा १.४२ येते, म्हणजे बंध. शेजारच्या रेणूशी असलेल्या हायड्रोजन बंधाचं अंतर १.८ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. एकाच पाण्यातल्या दोन हायड्रोजनमध्ये १.५ चं अंतर, मर्यादा १.०७, तीही जोडी बाहेर. कार्बन-कार्बनची मर्यादा १.९७. एकेरी बंध १.५४ चा आणि एक सोडून पुढचा कार्बन २.५ वर. दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा आहे. सेंद्रिय रसायनात ही कसोटी इतकी चांगली चालते याचं कारण हेच: खरे बंध आणि नुसते शेजारी यांच्यामध्ये निसर्गानेच रुंद दरी सोडली आहे.

काही प्रोग्राम सूट मिळवण्याऐवजी बेरजेला गुणतात. यान येन्सेन यांच्या गटाने लिहिलेल्या ‘एक्सवायझेड टू मॉल’मध्ये हा गुणक १.३ आहे. दोन्ही पद्धती सारख्याच वाटतात, पण त्या सारख्या नाहीत. कार्बन-हायड्रोजनसाठी बेरजेची पद्धत १.५२ ची मर्यादा देते, गुणकाची १.३९ ची. सोडियम-क्लोरीनसाठी उलट, बेरीज ३.१३ आणि गुणाकार ३.४८. म्हणजे गुणक हलक्या अणूंना कडक आणि जड अणूंना सैल. तुमच्या कामात धातू जास्त असतील तर माझा कल बेरजेकडे राहील.

पाचशे कोटी जोड्या

आता वेगाकडे येऊ. प्रत्येक अणूचं प्रत्येक अणूशी अंतर मोजायचं ठरवलं तर शंभर अणूंसाठी ४,९५० जोड्या होतात, त्या संगणकाला जाणवतही नाहीत. पण पाण्यात बुडवलेल्या प्रथिनाचे एक लाख अणू असतील तर जोड्या सुमारे ५०० कोटी होतात, आणि त्यांतल्या जवळपास सगळ्या निरर्थक. एका अणूला चारपाच बंध असतात, एक लाख असू शकत नाहीत.

पहिली सुधारणा ओपन बाबेलने वर्षानुवर्षं वापरलेली आहे. अणू झेड अक्षावरच्या जागेनुसार क्रमाने लावायचे. एका अणूपासून पुढे सरकत जायचं आणि झेडमधला फरकच कमाल मर्यादेपलीकडे गेला की थांबायचं. लिहायला वीसेक ओळी, बाहेरची कुठलीही लायब्ररी नको, आणि छोट्या-मध्यम रेणूंना अगदी पुरेसं. पण तिची मर्यादा ओळखा. शंभर अँगस्ट्रॉम बाजूच्या घनात, पाण्याच्या घनतेला, साधारण एक लाख अणू मावतात. मर्यादा २.५५ धरली, म्हणजे गंधकाच्या जोडीइतकी, तर प्रत्येक अणूपुढच्या पातळ थरात अडीच हजार अणू निघतात. एकूण २५ कोटी मोजण्या. ५०० कोटींच्या मानाने उत्तम, तरीही खूप. रेणू लांबट असेल, उदाहरणार्थ डीएनएची दांडी, तर क्रम झेडऐवजी सर्वांत लांब अक्षावर लावा. एका ओळीच्या बदलात मोठा फरक पडतो.

खरा उपाय म्हणजे जागेचे घनाकार खण पाडणं. खणाची बाजू कमाल बंधमर्यादेएवढी ठेवा. प्रत्येक अणू कोणत्या खणात पडतो हे एका भागाकाराने कळतं. मग त्या अणूचे संभाव्य जोडीदार फक्त त्याच्या खणात आणि भोवतीच्या २६ खणांत असू शकतात, इतर कुठेही नाहीत. वरच्याच उदाहरणात एका खणात सरासरी दीडपावणेदोन अणू येतात, २७ खणांत मिळून सुमारे ४५. प्रत्येक जोडी एकदाच मोजायची म्हणून शेजारच्या २६ पैकी १३ खणच पाहायचे. एकूण मोजण्या साधारण २२ लाख. अणू दुप्पट केले तर कामही दुप्पटच होतं, चौपट होत नाही.

हे लिहिताना काही गोष्टी हटकून सांभाळाव्या लागतात. वर्गमूळ काढू नका. अंतराचा वर्ग मर्यादेच्या वर्गाशी ताडून पाहा. मूलद्रव्यांच्या प्रत्येक जोडीसाठी हा वर्ग आधीच तक्त्यात काढून ठेवा. खण साध्या त्रिमितीय ॲरेत ठेवायचे असतील तर एका वाट चुकलेल्या अणूचं भय असतं. काही प्रोग्राम ज्या अणूची जागा ठाऊक नाही तिथे ९९९९ लिहितात. तिन्ही अक्षांवर असा आकडा आला की खणांची संख्या ६,००० कोटींवर जाते आणि मेमरी संपते. म्हणून खण हॅश तक्त्यात ठेवा, म्हणजे भरलेल्या खणांनाच जागा लागेल. पायथनमध्ये हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा सायपायमधलं केडी-ट्री वापरा. ठरावीक अंतराच्या आतल्या सगळ्या जोड्या ते एका हाकेत देतं. मग मूलद्रव्यानुसार नेमकी मर्यादा लावायची एवढंच उरतं.

खणाची बाजू ठरवताना संपूर्ण आवर्तसारणीतली कमाल त्रिज्या घेऊ नका, फाइलमध्ये प्रत्यक्ष असलेल्या मूलद्रव्यांमधली घ्या. तरीही एक अडचण राहते. पाण्यात सिझियमचे दहा आयन असले की सिझियमच्या २.४४ त्रिज्येपायी खणाची बाजू ५.३३ होते, खणात पंधरा अणू येतात आणि मोजण्या २२ लाखांवरून दोन कोटींवर जातात. दहा अणूंची किंमत लाख अणूंनी मोजायची! त्यापेक्षा खण हलक्या मूलद्रव्यांच्या मापाने पाडा आणि मोजक्या जड अणूंसाठी सगळी यादी सरळ एकदा चाळा. दहा गुणिले एक लाख म्हणजे दहा लाख मोजण्या, आणि काम संपलं.

स्फटिकांबद्दल थोडक्यात. एकक-कोष दोन्ही बाजूंना पुन्हापुन्हा येतो, म्हणून डाव्या कडेचा अणू उजव्या कडेच्या अणूच्या पलीकडच्या प्रतिमेला जोडलेला असू शकतो. ‘सर्वांत जवळची प्रतिमा’ हा नेहमीचा नियम मोठ्या कोषांत चालतो, पण कोषाची बाजू बंधमर्यादेच्या दुपटीहून लहान असेल तर एकाच जोडीच्या दोनतीन प्रतिमा मर्यादेत येतात, कधी अणू स्वतःच्याच प्रतिमेला जोडला जातो. तिथे प्रतिमा एकेक करून मोजा आणि बंधाबरोबर तो कोणत्या दिशेच्या प्रतिमेशी आहे हेही साठवा.

अंतर सुचवतं, संयुजा ठरवते

इथपर्यंतचा भाग भूमितीचा होता. पुढे रसायनशास्त्र लागतं, आणि पुष्कळ नवे प्रोग्राम इथेच कमी पडतात.

बायसायक्लो[१.१.१]पेंटेन हा पाच कार्बनचा लहानसा पिंजरा पाहा. औषधरसायनात बेन्झिनच्या कड्याऐवजी तो वापरण्याची चाल अलीकडे वाढली आहे. त्याची दोन टोकं एकेका कार्बनच्या तीन पुलांनी जोडलेली असतात आणि टोकांमध्ये बंध नसतो, पण त्यांचं अंतर फक्त १.८७ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे. आपली मर्यादा १.९७. म्हणजे अंतराची कसोटी इथे चुकणारच, नसलेला बंध काढणारच. सूट कमी करून हे सुधारायला जाल तर दुसरीकडे ताणलेले खरे बंध तुटतील. मार्ग वेगळा आहे. टोकाच्या कार्बनला तीन पूल, एक हायड्रोजन आणि हा खोटा बंध मिळून पाच बंध झाले. कार्बनला चारच चालतात. तेव्हा पाचांतला सर्वांत लांब, १.८७ चा, काढून टाका. बाकीचे १.५५ च्या आसपास असल्याने बरोबर तोच निघतो. ओपन बाबेलमध्ये ही साफसफाई असते: संयुजा ओलांडणाऱ्या किंवा ४५ अंशांहून लहान कोन करणाऱ्या अणूपासून सर्वांत लांब बंध वगळत जायचं.

पण हा नियम हायड्रोजनच्या भरवशावर उभा आहे. याच पिंजऱ्याच्या दोन्ही टोकांना नुसते हायड्रोजन असतील आणि क्ष-किरण रचनेत ते दिलेच नसतील, तर मोजणी तीन अधिक एक म्हणजे चार भरते, कुठलीही घंटा वाजत नाही आणि खोटा बंध टिकतो. म्हणून हायड्रोजन नसलेल्या फाइलमध्ये मर्यादेच्या वरच्या टोकाला आलेले बंध ‘संशयित’ म्हणून वेगळे नोंदवा आणि वापरणाऱ्याला दाखवा. गुपचूप निर्णय घेण्यापेक्षा इशारा दिलेला केव्हाही बरा.

धातूंचं प्रकरण आणखी निराळं. सोडियम आणि कार्बॉक्सिलेटमधला ऑक्सिजन २.४ वर असतात, मर्यादा २.७७, तेव्हा काडी काढली जाते आणि एक साधा क्षार भलताच गुंतागुंतीचा रेणू बनतो. क्षारधातू आणि क्षारमृदा धातूंचे बंध सहसंयुज यादीत घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हवे तर ते ‘आयनिक सान्निध्य’ म्हणून वेगळ्या यादीत ठेवा. फेरोसीनमध्ये लोह दहाही कार्बनपासून साधारण २.०५ वर आहे, मर्यादा २.४ च्या पुढे, म्हणून दहा बंध येतात. चित्रासाठी ते ठीक, पण त्या दहा बंधांवरून कार्बनची संयुजा मोजायला गेलात तर सगळी कडी मोडते. धातूचे बंध बाजूला ठेवून आधी सेंद्रिय भाग पूर्ण करा. डायबोरेनसारख्या रेणूंत, जिथे एक हायड्रोजन दोन बोरॉनमध्ये वाटला जातो, तिथे दोन-इलेक्ट्रॉन बंधाची चौकटच अपुरी आहे. तिथे प्रोग्रामने ‘मला ठरवता येत नाही’ असं म्हणण्याची सोय ठेवा.

एकेरी की दुहेरी?

बंध सापडले, आता त्यांचा क्रम. कार्बन-कार्बन एकेरी १.५४, दुहेरी १.३४, तिहेरी १.२०, आणि बेन्झिनमधला १.३९ ते १.४०. संगणकाने काढलेल्या भूमितीत हे आकडे चोख मिळतात. दोन अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनच्या प्रथिनरचनेत मात्र अणूंच्या जागाच इतक्या डळमळीत असतात की लांबीवरून क्रम ठरवणं धोक्याचं. तिथे कोन जास्त भरवशाचे. ओपन बाबेलची पद्धत, जिचं मूळ रॅसमॉलचे कर्ते रॉजर सेल यांच्या मांडणीत आहे, आधी सरासरी कोन पाहते: १५५ अंशांवर असेल तर रेषीय, ११५ वर असेल तर समतल. मग पाच आणि सहा अणूंची कडी कितपत सपाट आहेत ते पाहून त्यांतल्या अणूंना समतल ठरवते, मग ओळखीचे क्रियागट शोधते, आणि शेवटी उरलेले दुहेरी बंध वाटते.

या वाटपातच एक खाच आहे. ‘सर्वांत आखूड बंध आधी दुहेरी करा’ हा नियम सहज सुचतो. नॅफ्थॅलिन कागदावर काढा. गोंगाट असलेल्या रचनेत दोन बाहेरच्या कडांचे बंध, २–३ आणि ६–७, योगायोगाने सर्वांत आखूड निघाले असं समजा. दोन्ही दुहेरी केले. आता १ आणि ८ या कार्बनना जोडीदार म्हणून मधला एकच सामाईक कार्बन उरतो, आणि ४ व ५ यांनाही दुसरा मधला एकच. चार इच्छुक, दोन जागा. दोन कार्बन एकटे पडतात, आणि प्रोग्राम साध्या नॅफ्थॅलिनला द्विमूलक ठरवतो. हा प्रश्न आलेखशास्त्रात फार पूर्वी सुटलेला आहे: जोड्या लावण्याचा, म्हणजे मॅचिंगचा. जॅक एडमंड्स यांनी १९६५ साली दिलेल्या अल्गोरिदमने एकटा पडलेला अणू शोधून, तिथून एकेरी-दुहेरी आलटूनपालटून जाणारी वाट काढून, वाटेवरचे बंध उलटवता येतात. जोडी शक्य असेल तर ती हमखास सापडते, आणि सर्व शक्यता धुंडाळाव्याही लागत नाहीत. सीडीकेमध्ये केकुले रचना अशाच मॅचिंगने ठरतात. लांबीचा उपयोग अनेक शक्य जोडण्यांपैकी एक निवडायला करा, पाया म्हणून नको.

दुसरी वाट आरडीकिटने घेतली. किम आणि किम यांच्या २०१५ च्या पद्धतीवर बेतलेलं येन्सेन गटाचं काम तिथे २०२२ पासून अंगभूत आहे. ही पद्धत लांबी-कोन पाहत नाही. कोण कोणाला जोडलंय एवढं घेऊन, प्रत्येक अणूच्या शक्य संयुजांचे संच करून, एकूण भार जुळेल असा संच शोधते. म्हणून एकूण भार तुम्हीच सांगावा लागतो. बेन्झोएट आयन देऊन भार शून्य सांगितला तर बरोबर उत्तर येणं शक्यच नाही. आणि संचांची संख्या भराभर वाढते. ऑक्सिजनला तीन पर्याय धरले तर दहा ऑक्सिजनचे ५९,०४९ संच, वीसचे ३४८ कोटी. त्यामुळे फाइलमध्ये अनेक रेणू असतील तर आधी युनियन-फाइंडने सुटे तुकडे वेगळे करा आणि प्रत्येक तुकडा त्याच्या स्वतःच्या भारासह स्वतंत्र सोडवा. वीस पाण्याचे रेणू एकत्र देणं आणि एकेक देणं यात घातांकाचा फरक आहे. एकसारखे तुकडे एकदाच सोडवून उत्तर परत वापरलं तर आणखी बचत.

एक्सटीबी या क्वांटम-रसायन प्रोग्रामने भूमिती काढली असेल तर विबर्ग बंधक्रम वेगळ्या फाइलमध्ये आधीच लिहून मिळतात. इलेक्ट्रॉनांकडूनच आलेली ही माहिती टाकून देऊन अंतराकडे परत वळण्यात काही अर्थ नाही.

तपासणी

चाचणीसाठी ज्ञात रेणूंचे स्माइल्स (रेणूची एका ओळीत लिहिलेली रचना) घ्या, त्रिमितीय रचना करा, बंध पुसा, प्रोग्रामने पुन्हा काढून घ्या, आणि दोन्हींचे प्रमाणित स्माइल्स ताडून पाहा. हे सोपं आहे, पण फसवंही आहे, कारण तयार केलेल्या भूमितीत सगळ्या लांब्या आदर्श असतात. म्हणून अणूंना ०.०५, मग ०.१ अँगस्ट्रॉमचे यादृच्छिक धक्के द्या आणि निकाल कुठे कोसळतो ते नोंदवा. त्यानंतर मुक्त स्फटिक संग्रहातल्या खऱ्या रचना घ्या. नायट्रो गट, सल्फोन, कार्बॉक्सिलेट, नॅफ्थॅलिन, वरचा पिंजरा आणि एखादा सोडियम क्षार हे सहा रेणू तर कायमच्या चाचण्यांत असायलाच हवेत.

आणि एखाद्या मुक्तस्रोत साधनात चूक सापडली, तर ती कळवताना पाच हजार अणूंची फाइल जोडू नका. चूक दिसेपर्यंत अणू कमी करत जा. बहुतेकदा दहा-पंधरा अणूंतच ती उघडी पडते. ती छोटी फाइल, अपेक्षित स्माइल्स, मिळालेले स्माइल्स, एकूण भार आणि साधनाची आवृत्ती, एवढं दिलंत की देखभाल करणारा माणूस तीच फाइल थेट चाचण्यांमध्ये टाकू शकतो.